१५० अंशांच्या विहिरीत रबर कोणतं आणि धातू कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विहीर वायू आणि कंडेन्सेटची (वायूसोबत येणाऱ्या हलक्या तेलाची), तळाचं तापमान १५० अंश सेल्सिअस, तळाचा दाब ३५० बार, वायूत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) हायड्रोजन सल्फाइड. पुरवठादाराच्या तक्त्यात पॅकर (ट्यूबिंगभोवतीची फट बंद करणारं साधन) व सीलसाठी एचएनबीआर रबर (हायड्रोजन भरलेलं नायट्राइल) आणि ट्यूबिंगसाठी, म्हणजे वायू वर आणणाऱ्या पाइपसाठी, एल-८० १३ क्रोम (१३ टक्के क्रोमियमचं पोलाद; एल-८० हा ताकदीचा दर्जा), दोन्हींपुढे ‘योग्य’ असं लिहिलंय. एवढ्यावर ऑर्डर द्यावी का, की आणखी काही बघायला हवं?

एवढ्यावर देऊ नका. तक्ता खोटा नाही, पण तो विहिरीच्या एकाच प्रकारच्या दिवसाबद्दल बोलतो: विहीर नीट वाहते आहे, तापमान स्थिर आहे, आत थरातून आलेल्या द्रवाशिवाय काही नाही. मी वीसहून जास्त वर्षं विहिरीतून बाहेर आलेली सील, पॅकर आणि पाइप हातात घेऊन बघतोय. शांतपणे वाहणाऱ्या विहिरीत साहित्य निकामी झालेलं मी फार कमी वेळा पाहिलं. ते निकामी होतं विहीर बंद होऊन थंड पडली तेव्हा, अ‍ॅसिड सोडलं तेव्हा, कुणी घाईनं दाब उतरवला तेव्हा, आणि धातू वाचवायला सोडलेलं रसायन रबराला भिडलं तेव्हा. शेवटच्या कारणाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण बहुतेक ठिकाणी धातूचा माणूस वेगळा असतो आणि रबराचा वेगळा.

आधी तो १०० पीपीएमचा आकडा घेऊ. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण धातूला पीपीएम कळत नाही, आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्या वायूचा वाटा, कळतो. ३५० बारातले १०० पीपीएम म्हणजे ०.०३५ बार, म्हणजे ३.५ किलोपास्कल. आयएसओ १५१५६ या सल्फाइडच्या विहिरींतल्या साहित्याच्या मानकात (जुनी मंडळी अजून नेस एमआर ०१७५ म्हणतात, त्याची पहिली आवृत्ती १९७५ ची) साध्या पोलादासाठी सावर, म्हणजे सल्फाइडनं धातू तडकू शकेल अशा, वातावरणाची रेषा ०.३ किलोपास्कलवर आहे. तुमची विहीर त्या रेषेच्या दहापटीहून वर आहे. तेव्हा ती सावर आहे असं धरूनच पुढचा प्रत्येक निर्णय घ्यायचा.

मग हा आकडा आला कुठून, तेही विचारा. हायड्रोजन सल्फाइड नमुन्याच्या बाटलीच्या भिंतीशी अभिक्रिया करून संपतो, ड्रिलिंग मडमधल्या स्कॅव्हेंजरमध्ये (सल्फाइड शोषून घेणाऱ्या रसायनात) खर्ची पडतो, आणि चाचणी आखूड असेल तर नवे कोरे पाइपच त्यातला बराच भाग पिऊन टाकतात. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत उघडलेल्या बाटलीत १०० पीपीएम सापडले, तर थरात ३०० असणं अजिबात नवलाचं नाही. ३०० पीपीएम म्हणजे १०.५ किलोपास्कल. आणि एल-८० १३ क्रोमची मानकातली मर्यादा आहे १० किलोपास्कल, तीही पीएच ३.५ किंवा त्याहून जास्त असेल तर. म्हणजे तक्त्यातलं ‘योग्य’ नमुन्याच्या एका बाटलीवर उभं आहे. विहिरीवरच, वाहत्या वायूत डिटेक्टर ट्यूब धरून घेतलेलं मोजमाप मागा, आणि ते विहीर पुरेशी साफ झाल्यावर घेतलंय का ते बघा.

पीएचचंही तसंच. वायूच्या विहिरीत सुरुवातीला थरातलं खारं पाणी फारसं येत नाही. वायू वर येता येता थंड होतो आणि त्यातली वाफ ट्यूबिंगच्या आतल्या भिंतीवर पाणी होऊन बसते. या पाण्यात बायकार्बोनेट नसतं, आम्लाला आवर घालायला काहीच नसतं. तुमच्या विहिरीत कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब १७.५ बार आहे. एवढ्या दाबाखाली अशा पाण्याचा पीएच ३.३ च्या आसपास उतरतो, म्हणजे मानकाच्या चौकटीबाहेर. क्लोराइड जवळपास नसल्यामुळे १३ क्रोम त्यात बऱ्याचदा तग धरतं, हे मी स्वतः पाहिलंय. पण चौकट ओलांडली की नुसत्या तक्त्याचा हवाला चालत नाही. तुमच्याच दाबाला, तुमच्याच पाण्यात, ताण देऊन केलेली चाचणी दाखवावी लागते.

साधं कार्बन स्टील मी इथं विचारातच घेत नाही. कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब २ बारच्या वर गेला की गंज गंभीर धरायचा, हा जुना आणि अजूनही उपयोगी ठोकताळा आहे. तुम्ही त्याच्या जवळजवळ नऊपट आहात.

आता हायड्रोजन सल्फाइड पोलादाला करतो काय, ते नीट समजून घ्या, कारण थंडीचा मुद्दा त्यातून येतो. पोलाद गंजताना पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू तयार होतात. एरवी ते जोडीनं रेणू बनवून बुडबुड्यांच्या रूपात निघून जातात. सल्फाइड ही जोडी जमू देत नाही. मग एकटे अणू पोलादात शिरतात आणि जिथं ताण जास्त, काठिण्य जास्त, तिथं गोळा होतात. मऊ पोलाद हे सोसतं, कठीण पोलाद तडकतं. म्हणून कार्बन आणि लो-अलॉय पोलादाला २२ एचआरसी (रॉकवेल सी मापावर) ही काठिण्याची मर्यादा. आणि ही तडकण्याची क्रिया सगळ्यात वाईट असते ती साधारण खोलीच्या तापमानाला, २४ अंशांच्या आसपास. तापमान वाढलं की हायड्रोजन पोलादात एका जागी अडकून राहत नाही, धोका कमी होतो. म्हणूनच मानक एल-८० ला सगळ्या तापमानांना परवानगी देतं, पण त्याहून ताकदवान पी-११० ला ८० अंशांच्या वर आणि क्यू-१२५ ला १०७ अंशांच्या वरच देतं.

इथं बऱ्याच जणांची गफलत होते. तळाशी १५० अंश आहेत, मग खालच्या भागात पी-११० घालू, असा हिशेब केला जातो. वाहत्या विहिरीचा तो हिशेब बरोबरही असतो. पण विहीर मारायला, म्हणजे तिचा प्रवाह थांबवायला, वरून थंड ब्राइन (जड खारं पाणी) पंप केलं की तोच पाइप काही तासांत गार पडतो, आणि सल्फाइड तिथून गेलेला नसतो. एकदा माझ्या टेबलावर अशीच एक पी-११० कपलिंग (दोन पाइप जोडणारा तुकडा) आली होती. डिझाइनच्या कागदावर त्या खोलीचं तापमान ८० अंशांच्या चांगलंच वर होतं. कपलिंग उभी चिरली होती. तुटलेल्या कडा ना ताणलेल्या, ना बारीक झालेल्या. करडा, सपाट, दाणेदार पृष्ठभाग, जणू ओतीव लोखंडच. भिंगाखाली भेगेचा उगम शोधत गेलो तर तो बाहेरच्या अंगाला सापडला, टाँगच्या, म्हणजे पाइप आवळणाऱ्या यंत्राच्या, दातानं उमटवलेल्या एका ठशात. दातानं दाबून तेवढ्या ठिकाणचं पोलाद कठीण केलं होतं. पाइपचं सर्टिफिकेट निर्दोष होतं. सर्टिफिकेट गिरणीतून निघालेल्या पाइपचं असतं; रिगवर त्याला काय झालं ते त्यात येत नाही. तेव्हापासून सावर विहिरीच्या कामात टाँगला कमी ठसा उमटवणाऱ्या डाइज (पाइप पकडणारे दात) आहेत का, हे मी स्वतः जाऊन बघतो. हार्डनेस मोजताना पाइपच्या अंगावर मोजून थांबत नाही, ठशाच्या काठावरही मोजतो.

हा धडा उद्योगाला पहिल्यांदा मिळाला तो १९५० च्या दशकात. फ्रान्समधल्या लॅक इथं १९५१ साली सापडलेल्या वायूत सुमारे १५ टक्के हायड्रोजन सल्फाइड होता, आणि तेव्हाचे पाइप त्यात टिकेनात. त्या वायूसाठी पोलादच नव्यानं घडवावं लागलं. धडा शिकून झाला असं समजायचं कारण नाही. कझाकस्तानातल्या काशागानमध्ये सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये थांबलं. वायूच्या पाइपलाइनीत सल्फाइडमुळे भेगा पडल्या होत्या. सुमारे २०० किलोमीटर पाइप बदलावे लागले आणि उत्पादन पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडलं.

१३ क्रोमकडे परत येऊ. त्याचं सगळं बळ पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरात आहे. कार्बन डायऑक्साइडपुढे तो थर उत्तम टिकतो, साधारण १५० अंशांपर्यंत. म्हणजे तुम्ही त्याच्या वरच्या टोकाला उभे आहात. त्याचे दोन शत्रू आहेत, ऑक्सिजन आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. खाऱ्या हवेत, झाकण न लावता, उघड्यावर पडलेल्या १३ क्रोमला विहिरीत जाण्याआधीच खड्डे पडतात. असे पाइप मी परत पाठवले आहेत. अ‍ॅसिडचं जरा सविस्तर सांगतो. १५ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड इन्हिबिटर (गंजरोधक) घालून सोडतात, तेव्हा जाताना पाइप बहुधा वाचतो. घात होतो परतीच्या वाटेवर. थरातून परत येणाऱ्या अ‍ॅसिडमधला इन्हिबिटर खडकावर बसून गेलेला असतो, अ‍ॅसिड मात्र पूर्ण मेलेलं नसतं, आणि ते आता गरम असतं. १५० अंशांना मी १३ क्रोममधून हायड्रोक्लोरिक पाठवायला तयार नसतो. अ‍ॅसेटिक किंवा फॉर्मिकसारखं सेंद्रिय अ‍ॅसिड बघा, नाहीतर कॉइल्ड ट्यूबिंगनं (रिळावरून आत सोडलेल्या बारीक पाइपनं) अ‍ॅसिड खाली नेऊन ठेवा. या विहिरीला कधी अ‍ॅसिड लागणार आहे का, हे आजच तुमच्या उत्पादनवाल्या मंडळींना विचारा. पाच वर्षांनी त्यांनी तुम्हाला विचारून उपयोग नाही.

‘मग सुपर १३ क्रोम घेऊ’ असं कुणीतरी म्हणेलच. सुमारे ५ टक्के निकेल आणि २ टक्के मॉलिब्डेनम घातलेला हा प्रकार तापमानात १७५ अंशांपर्यंत जातो, खड्ड्यांना जास्त विरोध करतो. पण सल्फाइडच्या बाबतीत मानक त्यालाही १० किलोपास्कलच्या पलीकडे नेत नाही. शिवाय तो बहुधा ९५ किंवा ११० केएसआय (हजार पौंड प्रति चौरस इंच) ताकदीत विकला जातो, आणि ताकद वाढली की सल्फाइडची भीती वाढते. तुमची अडचण तापमानाची असेल तर तो घ्या. सल्फाइडची असेल तर २५ क्रोम सुपर डुप्लेक्सकडे (दोन प्रावस्थांच्या, २५ टक्के क्रोमियमच्या स्टेनलेस पोलादाकडे) जावं लागेल. कोल्ड वर्क केलेल्या २५ क्रोम ट्यूबिंगला मानकात २० किलोपास्कलपर्यंत जागा आहे, पण २२ क्रोमला फक्त २. गंमत नव्हे, नीट लक्षात ठेवा: महाग असलेलं २२ क्रोम डुप्लेक्स तुमच्या विहिरीत १३ क्रोमपेक्षा आधी मर्यादेबाहेर जातं. आणि डुप्लेक्सचं वाईट तापमान खोलीचं नसतं, ८० ते १०० अंशांच्या मधल्या पट्ट्यातलं असतं. तुमच्या ट्यूबिंगचा कुठला ना कुठला तुकडा कायम त्या पट्ट्यात असणार.

पॅकरचा मॅन्ड्रेल (मधला दांडा), सेफ्टी व्हॉल्व्हचे भाग, हँगर (ट्यूबिंग टांगणारा भाग) यांसाठी बहुधा ७१८ नावाचा निकेलचा मिश्रधातू येईल. फार चांगला आहे: निम्म्याहून थोडं जास्त निकेल, १९ टक्के क्रोमियम, ५ टक्के निओबियम. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो विमानाच्या इंजिनांच्या जगात आला, आणि अडचण तिथंच आहे. त्याच रसायनाचा, विमानासाठी हीट ट्रीटमेंट केलेला ७१८ विहिरीत घातला तर तो हायड्रोजननं तडकू शकतो. विमानवाले तुलनेनं कमी तापमानाला सोल्यूशन ट्रीटमेंट (घटक एकजीव करण्यासाठी तापवणं) करतात, त्यामुळे कणांच्या सीमांवर डेल्टा नावाची सुईसारखी प्रावस्था उरते, आणि हायड्रोजन त्या सुयांच्या कडेनं वाट काढतो. तेलविहिरीसाठीचा ७१८ १०२१ ते १०५२ अंशांना सोल्यूशन करून ७७४ ते ८०२ अंशांना एकदाच एजिंग (ताकद आणण्यासाठी पुन्हा तापवणं) केलेला असतो, काठिण्य ४० एचआरसीच्या आत. सर्टिफिकेटवर रासायनिक घटक बघून सही करू नका. भट्टीची तापमानं आणि सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो मागा.

आता रबर.

रबराबद्दल एक मूलभूत गोष्ट यंत्राच्या माणसाला चटकन पटत नाही: ते आकार बदलतं, आकारमान जवळपास बदलत नाही. आणि तापलं की पोलादाच्या दहापटीहून जास्त फुगतं. खाच रबरानं ठासून भरलेली असेल आणि विहीर १५० अंशांना गेली, तर वाढलेल्या रबराला जायला जागा लागते. ते फटीतून बाहेर पिळलं जातं आणि कडेनं कुरतडलं जातं. थंड झाल्यावर तेवढं रबर कमी पडतं आणि गळती सुरू होते. म्हणून रबर पिळून बाहेर जाऊ नये यासाठी बॅकअप रिंग लागतात. बॅकअपसाठी पीक हे कठीण प्लास्टिक वापरणार असाल तर हे ध्यानात असू द्या, की पीकचं ग्लास ट्रान्झिशन (ज्या तापमानाला ते मऊ पडू लागतं) १४३ अंशांना आहे. वितळायला ३४३ अंश लागतात, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. पण तुमच्या १५० अंशांना ते आपला ताठरपणा बराचसा सोडून बसलेलं असतं. फट लहान ठेवा, किंवा काच किंवा कार्बन तंतू भरलेला प्रकार घ्या.

तुमच्या एचएनबीआरकडे येतो. साधं नायट्राइल तेलाला चांगलं, स्वस्त, मजबूत; पण त्याच्या साखळीत दुहेरी बंध असतात, आणि उष्णता, ओझोन, हायड्रोजन सल्फाइड सगळे तिथंच घाव घालतात. रबरात नवे आडवे दुवे तयार होत जातात आणि ते कडक होत जातं. सावर विहिरीत वर्षभर राहिलेली एक नायट्राइल ओ-रिंग मी खाचेतून काढली, तेव्हा ती खाचेच्या आकाराची चौकोनी झाली होती. दोन बोटांत धरून वाकवायला गेलो तर काटकीसारखी टचकन मोडली. एचएनबीआरमध्ये हे दुहेरी बंध हायड्रोजननं बहुतेक भरून टाकलेले असतात, म्हणून ते १५० अंशांपर्यंत जातं, थोडा सल्फाइडही सोसतं. पण ‘१५० पर्यंत जातं’ म्हणजे किती दिवस? रबराच्या वयाला तापमानाचा हिशेब लागतो. १० अंश वाढले की म्हातारपण साधारण दुप्पट वेगानं येतं, हा ढोबळ नियम. १५० अंशांना सल्फाइडमध्ये एचएनबीआर काही दिवसांच्या चाचणीच्या पॅकरला मी बिनदिक्कत देईन. पंधरा-वीस वर्षं खाली राहणाऱ्या पॅकरला देणार नाही. पुरवठादाराकडं आयएसओ २३९३६-२ या रबराच्या मानकाप्रमाणे तीन वेगळ्या तापमानांना वय करून काढलेला आयुष्याचा आलेख मागा. तो नसेल तर तक्त्यातल्या ‘योग्य’ला किती वर्षांचं आयुष्य जोडलंय, हे कुणीच सांगू शकत नाही.

फ्लोरोरबर, म्हणजे एफकेएम, तापमानात सहज २०० अंशांपर्यंत जातं. कंडेन्सेटमधल्या अ‍ॅरोमॅटिक्सनाही (बेंझिन, झायलीनसारख्या द्रावकांनाही) ते दाद देत नाही. त्याचं मर्म आहे अल्कली आणि अमाइन. अल्कली त्याच्या साखळीतून हायड्रोजन फ्लोराइड ओढून काढते, मागं दुहेरी बंध उरतात, आणि मग तेही नायट्राइलसारखंच कडक होऊन तडकतं. आता बघा, ट्यूबिंग आणि फ्लोलाइन वाचवायला जे गंजरोधक सोडतात त्यातली कितीतरी अमाइनवर आधारलेली असतात. धातूचा माणूस खूश, गंजाचा दर खाली आला. आणि त्याच रसायनाच्या वाटेवरची एफकेएमची सील एकेक करून ठिसूळ होत जातात. हायड्रेट (पाणी आणि वायूचा बर्फासारखा गठ्ठा) होऊ नये म्हणून सोडलेला मिथेनॉल तसाच: ६६ टक्के फ्लोरिनचं साधं एफकेएम त्यात बेसुमार फुगतं. ७० टक्क्यांचं बरंच कमी फुगतं, पण ते थंडीत लवकर ताठरतं. फॉर्मेट क्षारांचं ब्राइन १३ क्रोमला मानवतं, पण ते अल्कधर्मी असतं, एफकेएमला नाही मानवत. झिंक ब्रोमाइडचं जड ब्राइन नायट्राइलला कडक करतं. अ‍ॅस्फाल्टीन (तेलातला डांबरासारखा साका) धुवायला झायलीन सोडलं की एफईपीएम फुगतं.

तेच एफईपीएम, म्हणजे टेट्राफ्लोरोइथिलीन आणि प्रोपिलीनचं रबर, अमाइन, सल्फाइड, वाफ आणि अल्कली हे सगळं पचवतं. तुमच्यासारख्या विहिरीत पॅकरच्या एलिमेंटसाठी (फुगून फट बंद करणाऱ्या रबरी भागासाठी) माझा पहिला कल तिकडंच असतो. पण ते साधारण ५ अंशांच्या आसपास प्लास्टिकसारखं कडक होतं. थंडीच्या दिवशी पृष्ठभागावर प्रेशर टेस्ट घेतली तर ते गळतं आणि लोक सील खराब म्हणून फेकून देतात. टूल गरम करून टेस्ट घ्या. आणि तुमच्या विहिरीत कंडेन्सेट आहे, त्यात अ‍ॅरोमॅटिक्स किती ते बघितल्याशिवाय एफईपीएम पक्कं करू नका. विहिरीचं खरं कंडेन्सेट एक-दोन लिटर मागवा, त्यात नमुना बुडवून तापवा आणि किती फुगलं ते मोजा.

दाब घाईनं उतरवण्याबद्दल. दाबाखाली वायू रबरात विरघळतो, कार्बन डायऑक्साइड तर मिथेनपेक्षा कितीतरी जास्त. दाब झटकन काढला की तो वायू आतल्या आत बुडबुडे करतो आणि बाहेर पडायला रबर फाडतो. एका गेज कॅरिअरमधून (दाबमापक खाली नेणाऱ्या टूलमधून) निघालेल्या रिंगा मी टेबलावर ठेवल्या होत्या; तासाभरानंतरही त्यांतून मधूनच बारीक टच असा आवाज येत होता. वरून त्या गुळगुळीत दिसत होत्या, फक्त थोड्या जाड. पात्यानं आडव्या कापल्या तर मधोमध चिरा, काही जवळपास कडेपर्यंत पोचलेल्या. टूल वर आल्यावर कुणीतरी शिफ्ट संपायच्या आत काम उरकायला दाब भसकन सोडला होता. नॉरसॉक एम-७१० या नॉर्वेच्या मानकात असे काप बघूनच ० ते ५ असा दर्जा देतात, आणि ३ च्या पलीकडचं सील नापास. यावर माझा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे रिंग बारीक ठेवणं. वायूला बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो, ३.५३ मिलिमीटरच्या जागी ६.९९ ची रिंग घातली तर जवळपास चौपट. जाड रिंग जास्त सुरक्षित असं वाटतं, वायूच्या विहिरीत ते उलट आहे. ९० शोअर काठिण्याचं, डीकम्प्रेशनला (दाब झटकन उतरवण्याच्या चाचणीला) पास झालेलं कंपाउंड घ्या, आणि दाब उतरवायचा वेग प्रोसीजरमध्ये आकड्यात लिहा. ‘हळू’ असं लिहिलं तर प्रत्येकाचं हळू वेगळं असतं.

वेलहेड (विहिरीचं तोंड) आणि चोक (प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह) यांची सील विसरू नका. तळाला १५० अंश असले तरी विहीर सुरू करताना चोकपाशी वायू प्रसरण पावून शून्याच्या बराच खाली जाऊ शकतो. साधं एफकेएम उणे १५ ते २० च्या सुमारास लवचिकपणा गमावतं, आणि दाबाखाली ती मर्यादा आणखी वर सरकते. तिथं कमी तापमानाचं एफकेएम किंवा कमी तापमानाचं एचएनबीआर हवं. त्या जागी एफईपीएम कधीच नको.

तर तुमच्या विहिरीसाठी माझं मत. हायड्रोजन सल्फाइड जागेवर पुन्हा मोजा. ५ किलोपास्कलच्या आत भरला आणि हायड्रोक्लोरिकचा बेत नसेल तर एल-८० १३ क्रोम ट्यूबिंग घ्या, चाचणीचा अहवाल मागून. १० च्या जवळ किंवा पुढं गेला तर सुपर १३ क्रोमवर पैसे घालवू नका, सरळ २५ क्रोमचा भाव काढा. जोड मेटल-टू-मेटल सीलचे, आणि मेकअप सावकाश, कारण क्रोमचे आटे घासून एकमेकांत रुततात. पॅकरच्या वरच्या प्रॉडक्शन केसिंगला (ट्यूबिंगबाहेरच्या पाइपला) पी-११० नको. गळती झालीच तर सल्फाइड थंड अ‍ॅन्युलसमध्ये (ट्यूबिंग आणि केसिंगच्या मधल्या जागेत) येणार, तिथं एल-८० किंवा टी-९५ ठेवा. पॅकरचं एलिमेंट एफईपीएम, कंडेन्सेटची चाचणी पास झाल्यावर. सील स्टॅकमध्ये जिथं जमेल तिथं रबर टाळून टेफ्लॉनचं स्प्रिंगवालं सील. एचएनबीआर वरच्या व्हॉल्व्हमध्ये आणि थोड्या दिवसांच्या टूल्समध्ये वापरा, तिथं ते फार चांगलं काम करतं.

ऑर्डर देण्याआधी एका कागदावर पुढच्या पंधरा वर्षांत या विहिरीत वरून काय काय ओतलं जाईल ते लिहून काढा: कम्प्लिशन ब्राइन, पॅकर फ्लुइड, गंजरोधक, मिथेनॉल, अ‍ॅसिड, झायलीन. प्रत्येकाच्या पुढं दोन रकाने करा, एक धातूचा, एक रबराचा. तो कागद धातूवाल्या आणि रबरवाल्या, दोघांच्याही सहीनं पुरवठादाराकडे जाऊ द्या. कंपाउंडचा नंबर मागा. ‘एचएनबीआर’ हे रबराच्या एका कुळाचं नाव आहे, दोन कारखान्यांच्या दोन एचएनबीआरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आणि पहिल्या वर्कओव्हरला (विहिरीच्या दुरुस्तीला) जी सील बाहेर येतील ती फेकू देऊ नका. बाहेर आल्याबरोबर त्यांचा हार्डनेस आणि जाडी मोजा, पिशवीत बंद करून किती दिवस, किती खोलीवर होती ते लिहा, दुसऱ्या दिवशी परत मोजा. मधल्या वेळात विरघळलेला वायू निघून गेलेला असतो. दोन मोजमापांतल्या फरकावरून रबर नुसतं फुगलं होतं की खरंच म्हातारं झालंय ते कळतं. मग एक रिंग पात्यानं आडवी कापा आणि भिंगाखाली धरा.